कनिष्ठ महाविद्यालयातील बीजगणित : नियोजन आणि गती

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस छावणी ओलांडली, की दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळकडे जाणारा रस्ता लागतो. या रस्त्यावर पडेगाव आहे. एकेकाळचे हे खेडे आज शहराच्या हद्दीत आले असून त्याच्या पुढे मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद अशी गावे आहेत. सकाळी शहराकडे येणाऱ्या एस. टी. गाड्यांत व सामायिक रिक्षांत या पट्ट्यातील अकरावी-बारावीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने दिसतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात दहावीच्या पुढे गणित शिकणारी ही पहिलीच पिढी आहे. वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील औद्योगिक वसाहती त्यांच्यापासून दूर नाहीत. तेथील तंत्रज्ञ व अभियंता यांच्या जागांपर्यंत पोहोचण्याची वाट मात्र अकरावीच्या बीजगणितातून जाते आणि ती वाट नेमकी कोठे तुटते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

गणित सोडून देणारा विद्यार्थी सहसा वर्षअखेरीस सोडत नाही. तो पहिल्या काही आठवड्यांतच मनाने वर्गाबाहेर गेलेला असतो. पुढची हजेरी नावापुरती राहते. याचे कारण पुष्कळदा त्याच्या बुद्धीत नसते, तर अभ्यासक्रमाच्या आखणीत व गतीत असते. म्हणूनच वर्षाच्या तासिकांची वाटणी कशी करावी, कोठे थांबावे आणि कोठे वेगाने जावे, याचा विचार शिक्षकांबरोबरच प्राचार्य, शिक्षणाधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांनीही करणे अगत्याचे आहे.

या भूमीतील बीजगणित

बीजगणित हा विषय या परिसरास परका नाही. भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचे भाग मानले जातात. त्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांच्या व कुळातील इतरांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे, यासाठी चांगदेवाने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापन केला. इ. स. १२०७ च्या सुमाराचा त्याविषयीचा शिलालेख तेथे असून डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. हे पाटण गौताळा-औट्रम घाटाच्या पलीकडे आहे आणि ज्या देवगिरीच्या दरबारात चांगदेव होता, ती पडेगावाहून जाणाऱ्या रस्त्यावरच आहे.

या शिलालेखातील एक गोष्ट आजच्या पंचायत सदस्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाचा हिस्सा मठास लावून दिल्याची नोंद त्यात आहे. गणिताच्या अध्यापनाचा भार आठशे वर्षांपूर्वी गावच्या पेठेने उचलला होता, असा त्याचा अर्थ होतो.

आधुनिक काळात औरंगाबाद येथे १९२३ मध्ये उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न असे इंटरमिजिएट कॉलेज सुरू झाले. त्या विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलांना गणितही उर्दूतून शिकावे लागे. पुढे जून १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छावणीलगत महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय होय. उच्च शिक्षणापासून दूर ठेवल्या गेलेल्या समाजाची मुले तेथे येऊ लागली. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. शाळा व पदवी यांच्यामधील हा ‘इंटर’चा टप्पा १०+२ आकृतिबंधानंतर कनिष्ठ महाविद्यालयात आला. नावे बदलली, तथापि या टप्प्याची मूळ अडचण तीच राहिली. शाळेतील गणित संपते तेथे महाविद्यालयाचे गणित सुरू होत नाही. मध्ये एक खिंड राहते आणि ती ओलांडण्याची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट नसते.

पाच महिन्यांचा खंड

या खिंडीचा पहिला भाग कालगणनेत आहे. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च या काळात झाली. निकाल १३ मे रोजी लागला. त्या वर्षी अकरावीची केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्यात लागू झाली आणि प्रवेशाच्या फेऱ्या ऑगस्टपर्यंत चालल्या. याचा अर्थ असा, की मार्चमध्ये वर्गसमीकरण सोडविणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पुढचे समीकरण सुमारे पाच महिन्यांनी येते. विस्मरण हे शिकल्यानंतर लगेचच वेगाने घडते आणि मग मंदावते, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच प्रयोगाने दाखविले होते. मध्यंतरी उजळणी झाली नाही, तर दहावीला चांगले गुण मिळविलेला विद्यार्थीही ऑगस्टमध्ये अवयव पाडताना अडखळतो. त्यात त्याचा दोष धरणे अन्यायाचे ठरेल.

खिंडीचा दुसरा भाग भाषेचा आहे. विज्ञान शाखेचे अध्यापन प्रामुख्याने इंग्रजीतून होते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास ‘सहगुणक’ म्हणजेच ‘कोइफिशंट’, ‘अवयव’ म्हणजेच ‘फॅक्टर’ आणि ‘करणी’ म्हणजेच ‘सर्ड’ हे कोणी सांगितलेले नसते. कल्पना त्याला येत असते, पण तिचे नाव अनोळखी वाटते. उर्दूतून गणित शिकणाऱ्या १९२३ च्या मराठी विद्यार्थ्याची जी स्थिती होती, तीच वेगळ्या भाषेच्या बाबतीत आजही आहे.

तिसरा भाग आशयाचा आहे. दहावीच्या गणित भाग १ मध्ये सहा प्रकरणे आहेत : दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. २०१९-२० पासून लागू झालेल्या अकरावी कला व विज्ञान शाखेच्या गणित व संख्याशास्त्र भाग २ मध्ये नऊ प्रकरणे आहेत : संमिश्र संख्या, क्रमिका व श्रेढी, क्रमचय व संचय, गणिती विगमन व द्विपद प्रमेय, संच व संबंध, फलन, सीमा, सातत्य आणि विकलन. दहावीत उत्तर ही बहुधा एक संख्या असते. अकरावीत उत्तर हे अनेकदा एखादा नियम, एखादी सिद्धता किंवा एखादे फलन असते. उडी नऊ प्रकरणांची दिसत असली, तरी खरी उडी विचारपद्धतीची आहे.

तासिकांचा हिशेब

नियोजनाची सुरुवात पुस्तकाच्या पानांपासून न करता हाती असलेल्या दिवसांपासून करावी. पदवी महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने वर्षाला किमान १८० प्रत्यक्ष अध्यापन-दिवस, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याचे ३० आठवडे सांगितले आहेत. अकरावीचे वर्ग उशिरा सुरू झाले, तर दिवाळीची सुटी, सहामाही परीक्षा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडळाच्या परीक्षांसाठी अडकणाऱ्या खोल्या व शिक्षक यांचा विचार करता सुमारे २६ आठवडे हाती राहतील, असे धरून चालणे शहाणपणाचे. भाग २ साठी आठवड्यास तीन तासिका धरल्या, तर ७८ तासिका होतात. त्यांपैकी ६ चाचण्यांसाठी व ६ राखीव ठेवल्यास प्रत्यक्ष अध्यापनास ६६ तासिका उरतात. त्यांची वाटणी उदाहरणादाखल पुढीलप्रमाणे करता येईल.

पूर्वतयारी : १० तासिका
संच व संबंध : ३ तासिका
फलन : ७ तासिका
संमिश्र संख्या : ८ तासिका
क्रमिका व श्रेढी : ८ तासिका
क्रमचय व संचय : ८ तासिका
विगमन व द्विपद प्रमेय : ७ तासिका
सीमा : ८ तासिका
सातत्य : ३ तासिका
विकलन : ४ तासिका

या वाटणीत तीन गोष्टी सहेतुक आहेत. पहिली म्हणजे पुस्तकात नसलेल्या पूर्वतयारीस सर्वांत अधिक तासिका दिल्या आहेत. दुसरी म्हणजे संच व फलन ही प्रकरणे पुढे घेतली आहेत. संचांचा परिचय नववीत झालेला असतो. त्यामुळे विद्यार्थ्याची पहिली पावले ओळखीच्या जमिनीवर पडतात आणि फलनाची भाषा वर्षभर उपयोगी पडते. तिसरी म्हणजे सीमा या प्रकरणास पुरेसा अवकाश ठेवला आहे. कारण बारावीचे कलनशास्त्र संपूर्णपणे त्यावर उभे आहे. सातत्य व विकलन ही प्रकरणे अकरावीत परिचयापुरती झाली तरी चालतात, कारण बारावीत विकलनाचा पुन्हा सविस्तर अभ्यास होतो.

भाग १ शिकविणारे शिक्षक वेगळे असतील, तर दोघांनी वर्षारंभी एकत्र बसून कोष्टक जुळवावे. संमिश्र संख्येचे ध्रुवीय रूप शिकविण्यापूर्वी विद्यार्थ्यास त्रिकोणमितीय गुणोत्तरे आलेली हवीत. त्रिकोणमितीय फलनांच्या सीमा शिकविण्यापूर्वी बेरजेची सूत्रे झालेली हवीत. ही जुळणी नसेल, तर दोन्ही शिक्षक आपापल्या जागी चोख असूनही विद्यार्थी मधल्या मध्ये सापडतो.

पूर्वतयारीच्या दहा तासिका

‘अभ्यासक्रम आधीच मोठा, त्यात दहा तासिका शाळेच्या गणितावर कशा घालवायच्या?’ अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि अनुभवी शिक्षक जाणतात, की या तासिका वाचविल्या, तर त्या पुढे प्रत्येक प्रकरणात थोड्या-थोड्या करून द्याव्याच लागतात, आणि तेव्हा त्या विस्कळीत स्वरूपात जातात. पाया भरण्याचे काम एकदाच व ठरवून केलेले बरे.

पहिली तासिका चाचणीची असावी. अर्ध्या तासात सोडविता येतील अशी वीस लहान उदाहरणे द्यावीत. चिन्हे व कंस, घातांक व करणी, अवयव, अपूर्णांक रूपातील राशी आणि समीकरणे या पाच शीर्षांखाली प्रत्येकी चार उदाहरणे असावीत. विद्यार्थ्यास गुण सांगू नयेत. शीर्षवार तक्ता मात्र शिक्षकाने तयार करावा. समजा, साठ जणांच्या वर्गात चिन्हे व कंस पंचेचाळीस जणांना येतात आणि अवयव केवळ बावीस जणांना. असे असल्यास तासिका कोठे खर्च करावयाच्या, हे तो तक्ताच सांगतो. उरलेल्या नऊ तासिकांपैकी चिन्हे व कंस यांना दोन, घातांक व करणी यांना दोन, अवयवांना दोन, अपूर्णांक राशींना एक आणि समीकरणांना दोन, ही सर्वसाधारण वाटणी होय. तक्ता पाहून ती बदलावी.

या तासिकांत चुकांनाच शिकविण्याचे साधन करावे. दोन पदांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे दोन वर्गांची बेरीज, ही चूक सर्वत्र आढळते. ती केवळ लाल शाईने खोडून जात नाही. विद्यार्थ्यास ३ व ४ या संख्या घेऊन पडताळा पाहावयास लावावा. ३ + ४ या बेरजेचा वर्ग ४९ येतो. वर्गांची बेरीज ९ + १६, म्हणजे २५ येते. उरलेले २४ कोठून आले, हे शोधताना ‘दोन्ही पदांच्या गुणाकाराची दुप्पट’ त्याला स्वतःला सापडते. चौरसाची आकृती काढली, तर ते २४ म्हणजे प्रत्येकी १२ चे दोन आयत आहेत, हे डोळ्यांना दिसते. संख्या घालून पडताळा पाहण्याची ही सवय दहा तासिकांत लागली, तरी पूर्वतयारी सार्थकी लागली असे समजावे.

जुन्या पद्धतीचा नवा उपयोग

वर्गसमीकरणाच्या दोन तासिका हा या सर्व योजनेचा सांधा आहे. दहावीत विद्यार्थ्याने अवयव, पूर्ण वर्ग व सूत्र या तीन पद्धती पाहिलेल्या असतात. बहुतेकांच्या स्मरणात सूत्र तेवढे उरते आणि तेही अनेकदा चुकीचे. अशा वेळी श्रीधराचार्यांची पद्धत उपयोगी पडते. भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणितात’ ती श्रीधरांच्या नावानेच दिली आहे. तिचे सार असे : वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणावे, नंतर अव्यक्ताच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंस मिळवावा आणि वर्गमूळ घ्यावे. या रीतीत अपूर्णांक मध्ये येत नाहीत, हा तिचा मोठा गुण होय.

उदाहरणार्थ, एका अज्ञात संख्येच्या वर्गाची दुप्पट आणि तिची तिप्पट मिळून ३५ होतात, असे समीकरण घ्यावे. अज्ञात संख्येस भास्कराचार्यांप्रमाणे ‘या’ म्हणू. वर्गपदाचा सहगुणक २ असल्याने दोन्ही बाजूंना ८ ने गुणले, की १६ या² + २४ या = २८० असे होते. दोन्हीकडे ३ चा वर्ग, म्हणजे ९ मिळविल्यास डावी बाजू (४ या + ३) चा पूर्ण वर्ग होते आणि उजवी बाजू २८९ होते. म्हणून ४ या + ३ ची किंमत १७ किंवा −१७. त्यावरून ‘या’ ची किंमत साडेतीन किंवा −५ येते. दोन्ही किमती मूळ समीकरणात घालून पडताळा पाहावा. हीच कृती संख्यांऐवजी अक्षरे घेऊन केली, की दहावीचे सूत्र आपोआप तयार होते. पाठ केलेले सूत्र विसरता येते. स्वतः तयार केलेले सूत्र विसरले, तरी पुन्हा तयार करता येते.

यानंतरचे उदाहरण विचारपूर्वक निवडावे. या² + २ या + ५ = ० हे समीकरण त्याच रीतीने सोडविले, तर (२ या + २) चा वर्ग −१६ येतो. येथे वर्ग थबकतो आणि तो थबकणे इष्टच आहे. धन संख्येस धन व ऋण अशी दोन वर्गमुळे असतात, पण ऋण संख्या ही कोणाचाही वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, असे भास्कराचार्यांनी स्पष्ट सांगितले होते. पुढील शतकांत गणितज्ञांनी −१ चे वर्गमूळ ही नवी संख्या मानून हे दार उघडले. अकरावीच्या विद्यार्थ्यास त्याच दारापर्यंत त्याच्याच हातातील पद्धतीने आणता येते. मग −१ ± २ आय ही मुळे त्याला आकाशातून पडल्यासारखी वाटत नाहीत. फलनाच्या तासिकांनंतर संमिश्र संख्या शिकविताना याच उदाहरणापासून सुरुवात करावी.

असाच सांधा श्रेढीच्या बाबतीतही जोडता येतो. दहावीतील अंकगणिती श्रेढीकडून गुणोत्तर श्रेढीकडे जाताना चक्रवाढ व्याजाचे उदाहरण घ्यावे. १०,००० रुपये दरसाल ८ टक्के चक्रवाढ व्याजाने तीन वर्षे ठेवले, तर १२,५९७ रुपये १२ पैसे होतात. दरवर्षी १.०८ ने गुणले जाणे म्हणजेच गुणोत्तर श्रेढी होय. घरातील कर्जाचा हप्ता समजून घेण्यास हे गणित उपयोगी पडते, हे विद्यार्थ्यास कळले, तर त्याच्या पालकांनाही कळेल.

गती कशी राखावी

गती म्हणजे केवळ वेग नव्हे. शिक्षकाची गती आणि विद्यार्थ्याच्या आकलनाची गती यांतील अंतर वाढू न देणे हे तिचे सार आहे. ४५ मिनिटांच्या तासिकेत पहिली ७ मिनिटे मागील भागाच्या स्मरणास, १८ मिनिटे नव्या भागास, १५ मिनिटे विद्यार्थ्यांनी वहीत सोडविण्यास आणि शेवटची ५ मिनिटे समारोपास द्यावीत. फळ्यावर शिक्षकाने सोडविलेली पाच उदाहरणे आणि विद्यार्थ्याने स्वतः सोडविलेली दोन उदाहरणे यांची तुलना केली, तर दुसऱ्याचे फळ अधिक टिकते.

गृहपाठाची रचनाही बदलावी. आठ उदाहरणांचा गृहपाठ असेल, तर चार त्या दिवसाच्या भागावर, दोन मागील आठवड्याच्या भागावर आणि दोन महिन्यापूर्वीच्या भागावर असावीत. अभ्यासास वेगळा वेळ न देता उजळणी वर्षभर चालू ठेवण्याचा हा सोपा मार्ग आहे. नवी संज्ञा येईल त्या दिवशी फळ्याच्या एका कोपऱ्यात मराठी व इंग्रजी दोन्ही नावे लिहावीत आणि विद्यार्थ्याने वहीच्या शेवटच्या पानांवर तो कोश वाढवीत न्यावा.

दर सहा-सात आठवड्यांनी शिक्षकाने थांबून हिशेब पाहावा. एखादे मूलभूत कौशल्य वर्गातील तृतीयांशाहून अधिक विद्यार्थ्यांना येत नसेल, तर राखीव तासिका खर्च करून ते सर्वांना पुन्हा शिकवावे. कमी विद्यार्थ्यांना येत नसेल, तर त्यांचा लहान गट करून वेगळे मार्गदर्शन द्यावे आणि वर्ग पुढे न्यावा. असा नियम आधीच ठरलेला असला, म्हणजे ‘पुढे जावे की थांबावे’ हा निर्णय त्या दिवसाच्या मनःस्थितीवर सोडावा लागत नाही.

राखीव तासिका ही चैन नव्हे. पडेगावच्या रस्त्यावर हे विशेषच खरे आहे. श्रावणातील शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीस आणि महाशिवरात्रीस वेरूळच्या घृष्णेश्वरास जाणाऱ्या भाविकांची गर्दी याच मार्गाने जाते. निवडणुका आल्या, की शिक्षकांना त्या कामावर जावे लागते. अतिवृष्टीच्या दिवशी खेड्यातील विद्यार्थी पोहोचू शकत नाहीत, तर कापूस वेचणीच्या दिवसांत काहींना शेतावर थांबावे लागते. या गोष्टी दरवर्षी घडतात. मग नियोजनात त्यांना आधीच जागा का असू नये? श्रावणातील शनिवारी नवा घटक सुरू करू नये, सरावाचे काम ठेवावे, एवढी दक्षता घेतली तरी पुष्कळ विद्यार्थी मागे पडणे टळते.

परीक्षा आणि पुढील वाट

अकरावीच्या गणिताकडे दुर्लक्ष होण्यामागे एक समज आहे. बारावीची परीक्षा मंडळाची असते. तीत गणिताच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेस २० गुणांच्या प्रात्यक्षिकाची जोड असते. अकरावीची परीक्षा महाविद्यालयाचीच असते. म्हणून अकरावी ही ‘मोकळी’ असे मानले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटी परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमास सुमारे २० टक्के भार असतो आणि उरलेला बारावीचा भागही अकरावीच्या पायावरच उभा असतो. सीमा ज्याला उमजली नाही, त्याला बारावीचे कलन पाठांतराने पार करावे लागते आणि प्रवेश परीक्षेत पाठांतर फार काळ साथ देत नाही. खासगी शिकवणीची फी परवडणारे कुटुंब ही उणीव पैशाने भरून काढते. शरणापूरच्या शेतमजुराच्या मुलीस ती सोय नसते. तिच्यासाठी वर्गातील तासिका हीच एकमेव शिकवणी होय. तासिकांची आखणी काटेकोर असणे हा म्हणूनच समान संधीचा प्रश्न आहे.

पदवीच्या पहिल्या वर्षी बीजगणिताचा पायाभूत अभ्यास ठेवणाऱ्या महाविद्यालयांसही हीच रीत लागू पडते. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या रचनेत एका श्रेयांकास १५ अध्यापन-तास धरले जातात. म्हणजे दोन श्रेयांकांच्या विषयास ३० तास मिळतात. इतक्या थोड्या वेळात पूर्वचाचणी, राखीव तासिका व ठरलेले थांबे यांची गरज कमी होत नाही, उलट वाढते.

प्रशासन व ग्रामपंचायतीचा वाटा

प्राचार्यांनी गणिताच्या दोन्ही भागांचे एकच वार्षिक कोष्टक मागवावे व ते वर्गात लावावे. पूर्वतयारीच्या तासिका अधिकृत वेळापत्रकात दाखवाव्यात. अन्यथा शिक्षकास त्या चोरून घेतल्यासारख्या वाटतात. वर्गतपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ‘किती प्रकरणे झाली?’ या प्रश्नाबरोबरच ‘पूर्वचाचणीचा तक्ता कोठे आहे?’ हाही प्रश्न विचारावा. उशिरा प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी त्या दहा तासिकांची टिपणे व उदाहरणे तयार ठेवावीत.

माध्यमिक शाळांतील शिक्षकांचा वाटाही तितकाच मोलाचा आहे. दहावीची परीक्षा संपल्यावर विद्यार्थ्याच्या हाती पन्नास-साठ उदाहरणांची एक पत्रिका देणे अवघड नाही. नववीच्या बहुपदी व करणीपासून दहावीच्या वर्गसमीकरणापर्यंतची ही उदाहरणे रोज एक या हिशेबाने सुटीत सोडविता येतात.

पंचायत सदस्य मार्च ते ऑगस्टचा रिकामा काळ भरून काढू शकतात. ग्रामपंचायतीचे वाचनालय किंवा शाळेची एक खोली सायंकाळी दोन तास उघडी ठेवावी, दिवा व फळा असावा आणि गावातीलच बारावी किंवा पदवीच्या विद्यार्थ्याने आठवड्यातून दोन वेळा तेथे दहावी झालेल्या मुलांना बसवावे, एवढ्याने काम भागते. बारावीपर्यंतच्या मुलींना एस. टी. चा प्रवास अहिल्याबाई होळकर योजनेखाली विनामूल्य आहे. त्या सवलतीचा लाभ पहिल्या तासिकेस पोहोचण्यासाठी होतो की नाही, हे गाडीच्या वेळेवर अवलंबून असते. सकाळची गाडी तासिकेच्या वेळेशी जुळावी, यासाठी आगाराकडे ग्रामपंचायतीचा ठराव पाठविणे हेही बीजगणिताच्या अध्यापनास साहाय्य करणेच होय.

पाटणच्या पेठेने आपल्या उत्पन्नातील वाटा गणिताच्या मठास दिला होता. आजच्या गावाकडून मागणे त्याहून लहान आहे : एक खोली, एक फळा आणि वेळेवर येणारी एक गाडी. महाविद्यालयाकडून मागणे आहे दहा तासिकांचे. एवढे जुळून आले, तर पडेगावच्या रस्त्यावरून रोज शहराकडे येणाऱ्या मुला-मुलींपैकी अनेकांना ऑगस्टमध्ये सुटणारे गणिताचे बोट घट्ट धरून ठेवता येईल.